एक दिवस विमलचा

शालमावशींना घाम आलेला मी चार वर्षांत फक्त एकदा पाहिला, आणि तो पाहायला मिळाला नसता तर बरं झालं असतं. एरवी जून असो की जुलै, अंगात दोन स्वेटर, वर करडी शाल, पायांत लोकरीचे मोजे आणि मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. लंडनच्या कडेला असलेल्या इल्फर्डला उन्हाळ्याचे म्हणून जे आठ-दहा दिवस येतात, त्या दिवसांत शेजारचे उघड्या अंगाने बागेत मांस भाजत बसायचे आणि कुंपणाच्या अलीकडे या बाई हीटरला पाठ लावून मेथी निवडायच्या. त्यांचं नाव सुलभा. तोंडावर आम्ही त्यांना मावशी म्हणायचो आणि माघारी शालमावशी.

आम्ही म्हणजे त्यांच्या घरात भाड्याने राहणारे तिघे. मी २००२ साली पुण्याहून एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायला आलो. बाकीचे दोघेही तसलेच. मावशींचे यजमान तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. पंचवीस वर्षं नोकरी करून ते आम्ही यायच्या वर्षभर आधी वारले होते. मूलबाळ नव्हतं. वरच्या तीन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, त्या आम्ही भरल्या. त्या घरात आम्ही कसे राहिलो ते आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते. उष्टी भांडी सिंकमध्ये चार-चार दिवस पडायची. त्यांच्यावर बुरशी धरायची, ती आम्हीच एकमेकांना दाखवून हसायचो. जिन्यातल्या गालिच्याला ओल्या मोज्यांचा आणि सांडलेल्या बिअरचा वास मुरला होता. बाथटबात कोणाचे केस आहेत यावरून भांडण व्हायचं आणि केस तिथेच राहायचे.

मावशी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. "असू दे रे," एवढंच. तेही इतक्या सावकाश, की 'असू' आणि 'दे' यांच्यामध्ये माणसाने चहाचा घोट घ्यावा. आवाज जाड, थोडा घोगरा. चेहरा कायम नुकत्या झोपेतून उठल्यासारखा सुजलेला, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली. पोळ्या लाटता लाटता लाटणं थांबायचं आणि त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. आम्ही तव्यावरची करपलेली पोळी उचलून खायचो. कोणी पाहुणा आला की आम्ही कौतुकाने सांगायचो, "आमच्या मावशी म्हणजे संत आहेत. त्यांना राग म्हणून माहीत नाही."

थायरॉइड मंद चालतं हे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. यजमान होते तोवर रोज सकाळी चहाच्या आधी ते शंभर मायक्रोग्रॅमची एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि त्या गिळायच्या. गोळीचं नाव काय, ती कशासाठी, चुकली तर काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "घरात डॉक्टर असल्यावर आपण कशाला डोकं घालायचं?" असं त्या म्हणायच्या. यजमान गेले आणि गोळ्या देणारा हात गेला. त्याच सुमाराला नागपूरच्या त्यांच्या धाकट्या बहिणीला, विमलला, हाच आजार निघाला. विमलने फोनवर सांगितलं, "सुले, तिकडचं औषध चोख असतं. इकडे काय, कशात काय मिसळतील नेम नाही. मला तिकडचीच गोळी पाठव."

इंग्लंडमध्ये थायरॉइडच्या पेशंटला सगळी औषधं फुकट मिळतात. पण मिळतात ती एकाच माणसाला पुरतील एवढीच. मावशींनी यातून मार्ग काढला. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं, त्यावर त्या पेन्सिलीने एका दिवसाला फुली करायच्या आणि दुसरा दिवस कोरा सोडायच्या. फुलीच्या दिवशी गोळी घ्यायच्या. कोऱ्या दिवशी गोळी पट्टीतच ठेवून पट्टी चॉकलेटच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मी एकदा विचारलं, "मावशी, आज गोळी नाही?" तर म्हणाल्या, "आज विमलचा दिवस." घरात दोन बहिणींमध्ये लाडू वाटून घ्यावा तसं त्यांनी ते औषध वाटून घेतलं होतं आणि त्यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा गोड वाटलं.

अर्ध्या औषधावर रक्ताचा रिपोर्ट बिघडणारच. बिघडला. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, डोस वाढवला. शंभरचा सव्वाशे झाला, मग दीडशे. मावशींच्या हिशेबी स्वतःची गोळी शंभरची, यजमानांनी ठरवून दिलेली, आणि तीही दिवसाआड. वरच्या गोळ्या आल्या त्या सगळ्या विमलच्या. मला त्या एकदा भाजी चिरताना अगदी समाधानाने म्हणाल्या, "बघ, विमलला जास्त लागायला लागल्या आणि इकडे डॉक्टरनेच वाढवून दिल्या. देव बघतो रे सगळीकडे." डोस दोनशेवर गेला तेव्हा त्यांच्या पोटात सरासरी पन्नासच जात होते.

तो पत्र्याचा डबा नागपूरला कसा जायचा हेही सांगायला हवं. तो मी न्यायचो. दरवर्षी सुट्टीला निघालो की मावशी तो माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे बसवायच्या, वर दोन थर चॉकलेटं, खाली पट्ट्या. विमलचा पुतण्या मुंबईच्या विमानतळावर येऊन घेऊन जायचा. दोन वर्षं मी तो डबा नेला. आत काय आहे ते मला माहीत होतं. कॅलेंडरवरच्या फुल्या माहीत होत्या. मावशींच्या चेहऱ्यावरची सूज रोज दिसत होती. या तीन गोष्टी एकत्र ठेवून बघायला सॉफ्टवेअर इंजिनिअर लागत नाही.

तरी मी एकटा नव्हतो, हे म्हणून थोडा वेळ बरं वाटून घेता येतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला किमान सात डॉक्टर जमायचे. मावशी पहाटेपासून मोदक करायच्या. सातही जण त्यांच्या समोर उभे राहून, तोंडात मोदक असताना, वॉटफर्डला घरांचे भाव कुठे गेले आणि कोणाचा मुलगा कुठल्या शाळेत लागला ते बोलायचे. एकाने त्यांचा तो मेणासारखा चेहरा बघून म्हटलं, "वहिनी, तब्येत छान झाली आहे." त्या शांतपणे हसल्या आणि त्याला तूप वाढलं. मला त्या माणसाची शिसारी आली होती. आज विचार करतो की त्याला निदान फुल्या माहीत नव्हत्या.

एकदा बसमध्ये झोप लागून मावशी थेट डेपोत पोचल्या. ड्रायव्हरने हलवून उठवलं तेव्हा आपण कुठे निघालो होतो ते त्यांना आठवेना. म्हणून पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर सर्जरीत गेलो. सर्जरी म्हणजे तिथला जीपीचा दवाखाना. वेटिंग रूममध्ये ओल्या कोटांचा वास, फाटकी मासिकं आणि काचेमागे एक रिसेप्शनिस्ट, जी प्रत्येकाला दुसऱ्यांदा नाव विचारताना डोळे फिरवायची. पन्नास मिनिटांनी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते. शेवटपर्यंत तिकडेच बघत होते.

"टेकिंग युअर टॅब्लेट्स, मिसेस...?" आडनाव त्यांना उच्चारता आलं नाही, म्हणून त्यांनी ते अर्धवट सोडून दिलं.

"येस येस, डॉक्टर. एव्हरी डे," मावशी म्हणाल्या.

मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. आता बोलावं असं वाटलं, पण मग डब्याचा विषय निघणार, तो कोण नेतं हेही निघणार, आणि माझा व्हिसा तेव्हा नूतनीकरणाला गेला होता. शिवाय घरातली गोष्ट परक्यासमोर कशी काढायची, अशी एक सोज्वळ सबबही मी स्वतःला दिली. सहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. डॉक्टरांनी काहीच बदललं नव्हतं. दोनशेचंच प्रिस्क्रिप्शन पुन्हा छापून दिलं होतं. बस स्टॉपवर मावशींनी माझ्या हाताला धरलं, कारण फुटपाथची पायरी चढताना त्यांना दम लागला होता.

तिसऱ्या वर्षी मित्राच्या लग्नासाठी मला नागपूरलाच जायचं होतं, म्हणून डबा मी स्वतः घेऊन विमलताईंच्या घरी गेलो. विमलताई चांगल्या खणखणीत होत्या. गोऱ्यापान, झपझप चालणाऱ्या, तोंडाचा पट्टा सुरू. त्यांनी डबा घेतला आणि हॉलमधल्या काचेच्या शोकेसचं दार उघडलं. आत परदेशी सेंटच्या बाटल्या, एक चिनी मातीचं कुत्रं, आणि त्याच्या मागे आधीच्या पट्ट्यांची चळत, रबर बँड लावून.

"तुम्ही या घेत नाही?" मी विचारलं.

"मी? नाही बाप्पा. माझ्या गोळ्या आमचे इथले डॉक्टर देतात नं, त्यानेच बरं वाटते. या भजनी मंडळातल्या बायकांना देते. तिकडचं औषध म्हटलं की उड्या पडतात अन्. वजन असं झरझर उतरते, काय सांगू. आमच्या पिंकीचं लग्न ठरलं आहे, तिने दीड महिन्यात सात किलो उतरवलं."

त्यांची मुलगी पिंकी चहा घेऊन आली. कप बशीत सारखा किणकिणत होता. तिचे हात थरथरत होते, डोळे मोठे दिसत होते, आणि थंडीच्या दिवसांत तिच्या ओठावर घामाचे थेंब होते. मी तिला सांगितलं, ही गोळी आजपासून बंद कर, हे वजनाचं औषध नाही. विमलताई हसल्या आणि म्हणाल्या, "काही होत नाही. सुलीसुद्धा घेते नं तिकडे वर्षानुवर्षं." मी चहा तसाच ठेवून उठलो. मला त्या शोकेसची, त्या कुत्र्याची, त्या घरातल्या फिनाइलच्या वासाचीसुद्धा ओकारी आली होती. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की त्या चळतीतल्या दोन वर्षांच्या पट्ट्या मीच उचलून आणल्या होत्या.

इल्फर्डला परतलो तो रागाने उकळतच. हातपाय न धुता स्वयंपाकघरात गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं. भजनी मंडळ, शोकेस, पिंकी. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरीलाही दिल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी फोनकार्ड खरवडून नंबर फिरवला, विमलशी न बोलता पिंकीला फोनवर बोलावलं आणि तिला एवढंच सांगितलं की ती गोळी संडासात टाक आणि उद्या डॉक्टरकडे जा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शंभरच्या दोन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि एकदम गिळल्या. "आता सगळे दिवस माझे," म्हणाल्या. मी टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली. वर्षानुवर्षं पन्नासावर चाललेलं शरीर एका रात्रीत दोनशेवर न्यायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलं नाही. मला वाटलं, मी न्याय केला.

तीन आठवडे झाले नसतील. शनिवारी सकाळी बाजारात, भाजीच्या दुकानासमोर, मावशींनी शाल काढून माझ्या हातात दिली. मग स्वेटर. कपाळावरून घाम ओघळत होता, मानेवरची शीर उडताना दिसत होती. "छातीत पाखरू अडकलंय रे," म्हणाल्या आणि कांद्याच्या पोत्यावर बसल्या. अॅम्ब्युलन्सने त्यांना यजमानांच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. ठोके अनियमित पडत होते. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर नर्स छोट्या कागदी कपात गोळ्या घेऊन उभी. चार्टवर लिहिलं होतं, रोज दोनशे. ती इमानाने द्यायला आली होती.

पिंकीच्या ओठावरचा घाम मला आठवला आणि मी नर्सला थांबवलं. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या हातात एवढा जोर मी कधी पाहिला नव्हता.

"सांगू नकोस," त्या मराठीत म्हणाल्या. "ह्यांचं नाव आहे इथे. सरकारच्या गोळ्या बाहेर धाडल्या म्हटल्यावर डॉक्टरांची बायको चोर निघाली म्हणतील. फुकट औषधांचं कार्ड काढून घेतील. मी गप्प घेते त्या गोळ्या, तू जा."

"मावशी, त्या गोळ्यांनी तुमचं हृदय बंद पडेल."

"पडू दे. पण हे इथे नको."

बाई खरोखर त्या कपाकडे हात करत होत्या. नवऱ्याच्या नावाला डाग लागण्यापेक्षा त्या गोळ्या गिळायला तयार होत्या, आणि मी आणखी अर्धा मिनिट बुटांकडे बघितलं असतं तर त्यांनी गिळल्या असत्या. मी नर्सला म्हटलं डॉक्टरला बोलवा. एक तरुण डॉक्टरीण आली, डोळे झोपेने तांबारलेले. तिला मी सगळं सांगितलं: दिवसाआड गोळी, वरच्या गोळ्या बहिणीला, तीन आठवड्यांपासून पूर्ण दोनशे. डबा कोण न्यायचं तेही सांगितलं. मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

डॉक्टरीण लिहून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "थँक यू. दॅट्स रिअली हेल्पफुल." आणि चार्टवरच्या दोनशेवर एक रेघ मारली.

बस. कोणी पोलीस बोलावले नाहीत, कोणी कार्ड काढून घेतलं नाही, कोणी यजमानांचं नाव काढलं नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्या सर्जरीत माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळून बसलो होतो. त्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आरशात तोंड दिसलं, ते बघवेना.

पुढचे आठ महिने योग्य डोस शोधण्यात गेले. काही दिवस गोळ्या पूर्ण बंद. मग पंचवीस, मग पन्नास, मग पंचाहत्तर. दर सहा आठवड्यांनी रक्त. या वेळी मावशी स्वतः वही घेऊन सर्जरीत जायच्या आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून मान वळवेपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत. आकडा शेवटी शंभरवर येऊन थांबला. यजमान ठेवायचे तीच एक गोळी, पण रोज, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा तास आधी.

आणि मग त्या बाई जाग्या झाल्या. आधी शाल गेली, मग दुसरा स्वेटर. आवाजातला घोगरेपणा जाऊन तिथे एक धारदार, भरभर बोलणारा आवाज आला. एका रविवारी मी उतरलो तर त्या सिंकपाशी उभ्या होत्या आणि बुरशी आलेलं पातेलं नाकाजवळ धरून म्हणत होत्या, "शी. हे माझ्या घरात आहे?" त्यांनी ते उचलून, आतल्या पाण्यासकट, आमच्यातल्या एकाच्या पलंगावर नेऊन ठेवलं. जिन्यातला गालिचा उचकटून बाहेर फेकला. मंडळाच्या गणपतीत त्या तब्येत छानवाल्या डॉक्टरला चारचौघांत विचारलं, "तुम्ही कशाचे डॉक्टर आहात हो नक्की?" त्यांची एक जुनी मैत्रीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हीच खरी सुलभा. अशीच फटकळ होती. मधे काय झालं होतं कोण जाणे." मला काय झालं होतं ते माहीत होतं. आम्ही ज्यांना संत म्हणत होतो, ज्यांच्या पोळ्या खात होतो, ज्यांच्यावर आमचं प्रेम आहे असं पाहुण्यांना सांगत होतो, तो त्यांचा आजार होता. आम्ही त्याच्यावर फुकट जगत होतो.

महिन्याभरात त्यांनी आम्हा तिघांना घर सोडायला सांगितलं. बाकीचे दोघे बडबडले, बाई किती बदलल्या म्हणाले. मला वेड्याला वाटलं होतं, मला राहू देतील. मी खाली जाऊन तसं म्हटलंही.

"तूही जा," मावशी म्हणाल्या. त्या पडद्यांची मापं घेत होत्या. "मला घरात माणसं कधी नकोच होती. पहिला आला तेव्हा नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. मग तुम्ही येतच गेलात."

त्यांनी टेप गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं.

"एक विचारू? मी त्या डॉक्टरला खोटं सांगत होते तेव्हा तू शेजारी बसला होतास. तुला ठाऊक होतं. बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही रागवाल," मी म्हणालो. व्हिसाचं नाव काढायची लाज वाटली.

"रागावले असते," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून रागावता आलं असतं मला."

आवाजात कडवटपणा नव्हता. एखादी वस्तू कुठे राहिली ते सांगावं तसं सांगितलं. वॉटफर्डला मला खोली मिळाली होती. मी बॅग खाली आणायला गेलो तर त्या माझ्या आधी जिना चढून गेल्या आणि जड बॅग एका हाताने उचलून दारात आणून ठेवली. "सांभाळून राहा," म्हणाल्या. मी फाटकापर्यंत पोचण्याआधीच दार लागलं. रागाने नाही. त्यांना कामं होती.